केबिनची झडती आणि माउथवॉशची बाटली

दांडियाबाजारकर

मागच्या दिवाळीत आम्ही घरचे आठ जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. जहाजाचं नाव लिहीत नाही. बाहेरची दारू वर आणायची नाही हा नियम थोड्याफार फरकाने सगळ्याच कंपन्यांचा आहे, त्यामुळे भांडण एकीशी नाही.

आमच्या भावोजींनी आणली. बडोद्याचा माणूस, जन्म गुजरातच्या दारूबंदीत गेला, त्यामुळे बंदीची पाटी दिसली की हात शिवशिवतात. हॉटेलच्या बाथरूममध्ये उभं राहून त्यांनी माउथवॉशची मोठी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली, विमानतळावर घेतलेली व्होडका तिच्यात ओतली आणि वर हिरव्या खायच्या रंगाचे दोन थेंब टाकले. रंग ताईच्या बॅगेतला, म्हणजे तयारी घरापासूनची. बंदरावर सामान एक्स-रेतून गेलं, काही झालं नाही. दोन रात्री भावोजी बाल्कनीत बसून ‘गुळण्या’ करत होते.

तिसऱ्या संध्याकाळी जेवून आलो तर बाटली गायब. टेबलावर इंग्रजीत छापलेली चिठ्ठी: केबिनची तपासणी झाली, मनाई असलेली वस्तू काढून घेतली आहे. इथवर माझी तक्रार नाही. नियम मोडला, माल गेला, हिशोब मिटला. पण ताईची बॅग उघडलेली होती. कपड्यांच्या घड्या एका बाजूला सरकवलेल्या. बडोद्याच्या लीलो, म्हणजे हिरव्या चिवड्याचा स्टीलचा डबा उघडून परत लावलेला, झाकण उलटं. देवाची चांदीची डबी रुमालात गुंडाळलेली होती, ती रुमालाबाहेर. आम्ही खाली जेवत असताना कोणीतरी हे सगळं निवांत हाताळलं.

माझं म्हणणं एवढंच. दारू आणू नका म्हणा, दंड करा, पुढच्या बंदरावर उतरवा. पण झडती माणसासमोर घ्या. आणि ‘तुमच्या सुरक्षेसाठी’ हे तुणतुणं बंद करा. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या पेय-पॅकेजमध्ये २४ तासांत १५ ड्रिंक्सपर्यंत मुभा आहे. बारमधले १५ सुरक्षित आणि भावोजींचे दोन धोकादायक?

मांजलपूरची माई

वाचून हसू आलं आणि थोडा रागही. चोरी पकडली गेली, तर आता पोलिसाचे बूट मळलेले होते म्हणून तक्रार!

आम्ही दोघं आणि नातू असे गेलो होतो. रात्री अकराला कॉरिडॉरमध्ये दोन तरुण भिंतीला धरून चालत होते. एकाला आपल्या खोलीचा नंबर आठवेना, तो आमच्या दाराला कार्ड लावत बसला. नातू घाबरून माझ्या कुशीत शिरला. बाहेर काळोख, खाली समुद्र. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझच्या सुरक्षेसाठी कायदा केला, त्यात कठड्याची उंची किमान ४२ इंच आणि केबिनच्या दाराला पीपहोल अशा गोष्टी लिहून घातल्या. उगाच घातल्या असतील का? बारमध्ये कोण किती प्यायला ते निदान कार्डावर चढतं, देणारा हात आखडता घेऊ शकतो. केबिनमध्ये बाटली घेऊन बसलेल्याला कोण थांबवणार? तुमची ताई?

दांडियाबाजारकर

माई, ते दोघं बारमधूनच आले असतील. केबिनमधली बाटली असती तर केबिनमध्येच पडले असते, तुमच्या दाराशी नाही.

सुरसागर काठी

बडोद्यात बसून दारूबंदीवर गप्पा म्हणजे उपाशी माणसाने श्रीखंडाची कृती सांगणं.

दांडियाबाजारकर, दमणहून परत येताना हायवेवर गाडी थांबवतात तेव्हा? डिकी उघडतात, सीटखाली हात घालतात, बायकोची पर्ससुद्धा मागतात. १९६० मध्ये गुजरात राज्य झालं तेव्हापासून बंदी आहे. चाळिशी ओलांडली की तब्येतीच्या नावाखाली परमिट, बाहेरगावच्या पाहुण्याला वेगळं परमिट, गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तनगरीत २०२३ च्या शेवटापासून आणखी वेगळी सवलत. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यासाठी फोनवरचा खेपिया, म्हणजे चोरून दारू पोचवणारा. हे सगळं गिळून आपण गप्प बसतो आणि सिंगापूरच्या गोऱ्या कागदावर चिठ्ठी मिळाली की मानवाधिकार आठवतात.

दांडियाबाजारकर

तुम्हीच माझा मुद्दा मांडलात की! डिकी माझ्यासमोर उघडतात. मी बाजूला उभा असतो, काय काढलं काय ठेवलं दिसतं, वाद घालता येतो. जहाजावर मी तिसऱ्या मजल्यावर सूप पीत होतो.

मकरपुऱ्याचा जहाजी

नऊ वर्षं जहाजावर हाउसकीपिंगमध्ये काढली, आता घरी आहे. थोडं आतलं सांगतो.

एक्स-रेवर बाटली लपत नाही. सेंद्रिय वस्तू, द्रवसुद्धा, पडद्यावर नारिंगी दिसतात. प्लास्टिकच्या सपाट पिशव्या मिळतात दारू नेण्यासाठी, त्याही दिसतात. अडचण वेगळी आहे: दोन-तीन हजार माणसं तीन तासांत चढतात, आणि टॉयलेटच्या बॅगेतली बाटली शांपूची की व्होडकाची हे पडदा सांगत नाही. म्हणून तुमच्या भावोजींची आत निसटली. पाण्याच्या बाटल्यांमध्ये तर इतकी दारू यायची की कार्निव्हलने २०१५ मध्ये बाटलीबंद पाणी आणि सरबतं आणायलाच मनाई केली. कॅन किंवा खोका असेल तर ठराविक संख्येत चालतो. एकाने सील न तुटलेलं दिसावं म्हणून झाकण गोंदाने चिकटवलं होतं. प्रवाशाला वाटतं आपणच पहिले.

बंदरावर उतरून विकत घेतलेली बाटली लपवायची गरजही नसते. गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या वाटेवर, जमा करायची, पावती घ्यायची, शेवटच्या रात्री परत मिळते. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन दोन्ही पहिल्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची एक वाइन आणू देतात. हे भावोजींनी वाचलं असतं तर माउथवॉश वाचला असता.

आता झडतीचं. माझ्याकडे अठरा केबिन असायच्या. रोज जाऊन बिछाना, टॉवेल, कचरा. आम्ही बॅगा उघडत नाही, उघडली तर नोकरी जाते. पण उघड्यावर इस्त्री, मेणबत्ती, पाणी तापवायची किटली दिसली की वर कळवावंच लागतं. मी पाहिलं, सांगितलं नाही आणि रात्री धूर निघाला, तर पहिला प्रश्न मला. २००६ च्या मार्चमध्ये जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस या क्रूझ जहाजाच्या बाल्कन्या पेटल्या, एक प्रवासी गेला, आणि संशय विझवून न टाकलेल्या सिगरेटवर होता. आग हा शब्द जहाजावर कोणी चेष्टेत उच्चारत नाही, कारण पळून जायला जागा नसते. कळवल्यावर पुढे सिक्युरिटी येते. आमच्या जहाजावर दोघं यायचे, एकटा कधी नाही.

दारूचा नियम मात्र मुख्यतः धंद्याचा आहे, हे खरं ते खरं. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि बार, कॅसिनो, फोटो, सहलींतून कमवायचं, असं गणित असतं. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा असा जहाजावर होतो. बारमधला मॅनेजर रोज सकाळी आकडे बघतो, समुद्र नाही.

रावपुऱ्याचा वकील

दोन गोष्टी इथे एकमेकींत मिसळल्या जाताहेत.

खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, ते मुख्यतः सरकारविरुद्ध. २ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईच्या जहाजावर एनसीबी, म्हणजे केंद्राचं अमली पदार्थविरोधी खातं, गेलं ते सरकार म्हणून, त्याला एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात. कंपनीचा गार्ड तुमच्या केबिनमध्ये जातो तो कराराच्या जोरावर. तिकिटाच्या अटींमध्ये सामान, केबिन, अंगझडतीपर्यंत परवानगी दिलेली असते आणि तुम्ही ‘मान्य’ वर टिचकी मारलेली असते. वर जहाजाचा झेंडा बहामा किंवा पनामाचा, तक्रारीचं न्यायालय कुठल्या कुठे. त्यामुळे कायद्याने दांडियाबाजारकर हरले.

पण केबिन म्हणजे नुसती खोली नव्हे, हेही न्यायालयांना पटलेलं आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या थर्ड सर्किट अपील न्यायालयाने एका क्रूझच्या केबिन-झडतीबद्दल म्हटलं, की माणूस जिथे झोपतो ती जागा सीमेवरच्या बॅगेसारखी उठून तपासता येत नाही, कस्टम्सलाही वाजवी संशय लागतो. त्या खटल्यात संशय पुरेसा ठरला आणि आरोपी सुटला नाही, पण तत्त्व राहिलं. आपल्याकडे घराच्या चार भिंतींत पिण्याच्या हक्काबद्दलच्या याचिका ऐकण्याजोग्या आहेत असं गुजरात उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ठरवलं.

जाता जाता भावोजींसाठी: १९५१ च्या बालसरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याचा (तोच पुढे गुजरातचा) दारूबंदी कायदा बराचसा कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेल्या औषधी आणि प्रसाधनाच्या द्रवांना बंदीतून सोडवलं. म्हणजे खरा माउथवॉश कायदेशीर. त्यांनी नेमका तोच बेसिनमध्ये ओतला.

फतेगंजची स्मिता

मी थेंबभरही पीत नाही, तरी मी दांडियाबाजारकरांच्या बाजूने. आमचे हे पितात. पॅकेज घ्यायला गेले तर कळलं, एका केबिनमधल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. बऱ्याच कंपन्यांत असंच आहे म्हणे. का? तर नवरा बायकोला पाजेल! म्हणजे मी चार दिवस लिंबूपाणी पिऊन दारूचे पैसे भरायचे, कारण त्यांना माझ्यावर विश्वास नाही. मग ह्यांनी पॅकेज सोडून एकेक ग्लास घेतला, प्रत्येक बिलावर सर्व्हिस चार्ज. शेवटच्या दिवशी बिल बघून ह्यांना जी शुद्ध आली, ती कॉफीने येत नाही.

ज्याचा धंदा विश्वासावर नाही त्याने माझ्या बॅगेत हात घालताना निदान मला बोलवावं.

मांजलपूरची माई

स्मिता, तुझं बरोबर आहे, पण मुद्दा दुसरा आहे. पैसे जास्त घेतात म्हणून चोरून न्यायचं का? थिएटरात पॉपकॉर्न महाग असतं. मी न खाता सिनेमा बघते.

सुरसागर काठी

माई, पर्समध्ये शेंगदाणे असतात तुमच्या. खरं सांगा.

मांजलपूरची माई

शेंगदाण्याने कोणी कठड्यावरून पडत नाही.

मकरपुऱ्याचा जहाजी

समोर झडती घेण्याबद्दल. ऐकायला बरोबर वाटतं, पण जहाजावर तुम्हाला शोधायचं कुठे? कोणी पूलवर, कोणी शोमध्ये. घोषणा करून बोलवलं तर तोवर बाटली समुद्रात जाते, आणि समुद्रात प्लास्टिक गेलं तर जहाजाला वेगळा दंड. शिवाय सामोरासमोर माणसं भांडतात. एका बाईंनी आमच्या फिलिपिनो मुलावर चप्पल उगारली होती, घरी पाठवायच्या पैशांसाठी राबणारा पोरगा. बाईंच्या बॅगेत जिनच्या तीन बाटल्या. त्याचीही इज्जत असते हो.

पण ताईंच्या देवाच्या डबीचं वाचून वाईट वाटलं. ते हात नवशिके होते. आमच्याकडे झडतीवाल्यांना शिकवलेलं असायचं, की उचललं तसंच ठेवायचं आणि कपड्यांना हात लावायचा नाही, अगदी लागलाच तर बाईमाणसाने लावायचा. तुम्ही गेस्ट रिलेशन्सला जाऊन लेखी तक्रार केलीत का? कोण आत गेलं, किती वाजता गेलं, हे त्यांना सांगता येतं. दाराचं कुलूप प्रत्येक कार्डाची वेळ लक्षात ठेवतं.

दांडियाबाजारकर

नाही केली. चूक आपली होती ना, मग तोंड वर करून कोण जाणार. भावोजी तर उरलेले दोन दिवस स्टुअर्डच्या नजरेला नजर देत नव्हते, उलट त्याला जास्तीची टिप दिली. कुलुपाचं माहीत नव्हतं. ते माहीत असतं तर ताई स्वतः गेली असती.

माई, तुमचं एक मान्य करतो. भावोजींनी बाल्कनीत दोन रात्री काय केलं हे मी विनोदाने लिहिलं, पण दुसऱ्या रात्री वारा बराच होता आणि ताई आतून तीनदा ‘आत या’ म्हणाली होती. ते मी वर लिहिलं नाही. सुरक्षेचं कारण अगदी खोटं आहे असं आता म्हणत नाही. बंदी राहू द्या. वकीलसाहेबांनी सांगितलेला ‘वाजवी संशय’ मात्र मला आवडला. बाटलीचं सील तुटलेलं दिसलं, तर बाटली घ्या. चिवड्याच्या डब्यावर कसला संशय?

सुरसागर काठी

हिरवा होता ना तोही.

रावपुऱ्याचा वकील

हा बचाव मी कोर्टात स्वीकारेन.

मांजलपूरची माई

ताईंना सांगा, पुढच्या वेळी देवाची डबी पर्समध्ये ठेवायची आणि नवऱ्याच्या बॅगेची झडती घरीच घ्यायची. बाकी दांडियाबाजारकर, एक विचारते, राग मानू नका. ते हिरवं पाणी शेवटी लागत होतं तरी कसं?

दांडियाबाजारकर

पुदिन्यासारखं. भावोजींनी बाटली विसळलीच नव्हती.