‘ट्रिम’ला काय म्हणू? ‘कापा’ सोडून सांगा

सावजी वर्ज्य
मोबाइलवर छोटे व्हिडिओ चाळायच्या आणि त्यांची कापाकापी करायच्या एका ॲपचं मराठीकरण माझ्याकडे आलं आहे. आधी कुणीतरी (की कशानेतरी) केलेला मसुदा सोबत मिळाला. त्यात ‘क्रॉप’ला ‘पीक’ लिहिलंय. त्यावर पोटभर हसून झालं. खरी पंचाईत पुढे आहे. ‘कट’, ‘ट्रिम’, ‘स्प्लिट’ ही तीन बटणं एका ओळीत आहेत आणि मसुद्यात तिन्हींवर ‘कापा’.

‘स्प्लिट’ला मी ‘दोन करा’ केलं, ‘क्रॉप’ला ‘चौकट’. अडलंय ते ट्रिमपाशी. खाली क्लिपची पट्टी दिसते, तिच्या दोन टोकांना दोन पकडी असतात, त्या आत ओढल्या की पुढचं-मागचं नको ते जातं. जातं म्हणजे दिसेनासं होतं. पकड पुन्हा बाहेर ओढली की परत येतं.

परवा मसुदा नागपूरच्या महाल भागात मावशीकडे नेला. तिने गॅलरीतून पिवळ्या मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारा मोठा पुतळा) मिरवणुकीचा व्हिडिओ काढला होता, पण सुरुवातीचे आठ-दहा सेकंद नुसता समोरच्यांचा कूलर आणि हिचा अंगठा. म्हटलं, दाब हे बटण. ‘कापा’ वाचलं आणि तिने फोन माझ्याकडे सरकवला. “तूच दाब बाई. मारबत कापल्या गेली तं पुढच्या पोळ्यापर्यंत दिसत नाही.”

बटणावर आठ-नऊ अक्षरांच्या वर मावत नाही. सोमवारी द्यायचंय. सुचवा.

शुद्धमती
कर्तन. केशकर्तनालय सर्वांना कळते, मग चित्रकर्तन का कळू नये? आणि ‘क्लिप’ नव्हे, चित्रफीत.

बर्डीवरचा
कर्तन म्हटलं की माझ्या मानेवर पाण्याचा फवारा येतो.

आंबिया बहार
आमच्या काटोलकडे या कामाला नेमका शब्द आहे, सल काढणे. संत्र्याची तोडणी झाली की शेंड्याकडच्या बारीक काड्या वाळलेल्या दिसतात, ती सल. थोडा हिरवा भाग धरून ती काढून घ्यायची आणि कापल्या जागी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मलम) लावायचं. छाटणी वेगळी. छाटणीत झाडाला आकार द्यायचा म्हणून जित्या फांदीलाही कात्री लागते. म्हणजे तुमचं क्रॉप ही छाटणी आणि ट्रिम म्हणजे सल काढणे. ‘सल काढा’, चार अक्षरं. घ्या.

पुणेरी पाहुणा
बटणावर ‘सल काढा’ वाचलं तर मी आधी कुणाशी काय बिनसलंय ते आठवत बसेन. सल मनात असते हो.

आंबिया बहार
मनातली सल शल्यावरून आली न? मग वाळकी काडी झाडाचं शल्यच आहे. एकच शब्द झाला.

पुणेरी पाहुणा
व्युत्पत्ती अशी दिसण्यावरून ठरवायची तर कातरवेळ कात्रीवरून आली म्हणाल उद्या.

महालचा वाडा
आलीच आहे. दिवस आणि रात्र जिथे कातरून वेगळी होते ती कातरवेळ. माझी आजी असंच सांगायची.

शुद्धमती
आजीबद्दल आदर राखून. ‘कातर’ म्हणजे व्याकूळ, भ्यालेला. कात्री ‘कर्तरी’पासून. दोहोंचा काही संबंध नाही.

महालचा वाडा
संध्याकाळी व्याकूळ व्हायला वेळ कुणाला होता, चुली पेटवायच्या असत.

कोराडी लोडशेडिंग
तुम्ही लोकं संस्कृतात जाऊन राहिले अन् इथं पोट्टे रात्रभर रीला कापून राहिले. माझं लग्नाच्या व्हिडिओचं काम आहे. आमच्याकडे ना कर्तन ना सल. “भाऊ, पुढचं उडव.” “मागूनचं थोडं घे.” बस, इतकंच बोलतो आम्ही.

पण ‘कापा’ खोटं काहून आहे ते सांगतो. मोबाइलच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मधून मधून एखादं पूर्ण चित्र ठेवतात अन् त्याच्या मधात फक्त काय काय बदललं तेवढंच. म्हणून काही ॲप ट्रिम करताना व्हिडिओ नव्यानं बनवत नाहीत, जवळचं आधीचं पूर्ण चित्र पाहून तिथून तोडतात. तुम्ही नवरीच्या हारापासून ट्रिम केलं तरी तिकडे भटजी आधी शिंकतोच. लोकं म्हणतात तुमचा हात हलला. हात नाही हलला भाऊ, मधात तोडताच येत नाही. अन् आमच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये तं ट्रिम म्हणजे नुसतं झाकणं. मूळ क्लिप जशीच्या तशी असते. आयफोनच्या फोटोतही ट्रिम केलेलं मूळपदावर आणता येते. मग कापलं कुठं?

महालचा वाडा
लोडशेडिंगभाऊ, हे झाकून ठेवलेलं जे आहे ना, त्याला शब्द आहे. माया.

माझे वडील इतवारीत शिवणकाम करायचे. फ्रॉकचं माप घेताना बायका हमखास म्हणत, “पोरगी वाढती आहे, माया सोडा दोन बोटं.” शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ती माया. दोन वर्षांनी तोच फ्रॉक परत यायचा. बाबा जुनी शिवण ब्लेडच्या टोकाने एक एक टाका उसवत, माया बाहेर काढत आणि त्यावर इस्त्री फिरवत. बाहेरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं आणि मायेचा पट्टा मात्र नव्यासारखा गर्द. कमरेला दोन्ही बाजूंनी उभी रेघ दिसायची. शाळेत आम्हा सगळ्या पोरींच्या गणवेशाला ती रेघ होती, कोण किती वाढलं ते त्यावरून कळायचं.

पकड बाहेर ओढली की परत येतं म्हणता ना, ते हेच. आणि कापड न कापता कपडा लहान करायचा तर शिंपी ‘कापा’ म्हणत नाही, ‘आत घ्या’ म्हणतो. कंबर आत घेणे. बटणाला ‘आत घ्या’ लिहा.

कोराडी लोडशेडिंग
हाव! आम्ही त्याले हँडल म्हणतो. शूट करतानाच पुढंमागं दोन-दोन सेकंद जास्तीचे ठेवायचे, नाहीतर एका सीनवरून दुसऱ्यावर विरघळत जाता येत नाही. उद्यापासून पोट्ट्यांना सांगतो, माया सोडून शूट कर बे.

शुद्धमती
‘आत घ्या’ कशाच्या आत? वापरणाऱ्याला वाटेल व्हिडिओ ॲपच्या आत घ्यायचा आहे. त्यापेक्षा घडवलेला शब्द बरा, त्याला आधीचे अर्थ चिकटलेले नसतात. डॉ. रघुवीरांनी याच नागपुरात बसून इंग्रजी संज्ञांना हजारो प्रतिशब्द घडवले. त्या गावातल्या माणसांनी ‘उडव’ आणि ‘आत घ्या’वर समाधान मानावे?

बर्डीवरचा
आणि गावाने त्यांच्या नावावर नेकटायसाठी ‘कंठलंगोट’ खपवला.

शुद्धमती
तो टवाळांचा शब्द आहे, त्यांचा नव्हे.

पुणेरी पाहुणा
ताई, शुद्धच म्हणायचं तर तुमची चित्रफीत तपासा. फीत पोर्तुगीज आहे, ‘फिता’. चावी आणि बटाट्याच्या गाडीतून आलेली. त्या भाषेत फिता म्हणजे सिनेमाची फिल्मसुद्धा. तुम्ही अर्धं लिस्बन बटणावर लिहायला निघालात.

शुद्धमती
शतकानुशतके राहिलेला शब्द घरचा होतो.

पुणेरी पाहुणा
मग क्लिपला किती वर्षांचा भाडेकरार देता?

गंमत म्हणून सांगतो, इंग्रजीत ‘क्लिप’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक धरून ठेवणारा, केसांची क्लिप त्यातली. दुसरा कापणारा, व्हिडिओची क्लिप त्यातली. म्हणजे तिचा खरा मराठी भाऊ ‘कात्रण’. वर्तमानपत्राचं असतं तसं.

सावजी वर्ज्य
म्हणजे ‘कात्रण कातरा’? मावशी फोन खिडकीबाहेर टाकेल.

बर्डीवरचा
फितीवरून आठवलं. माझे काका बर्डीवरच्या एका टॉकीजला ऑपरेटर होते. पस्तीस एमएमची फिल्म, फुटाला १६ चित्रं, सेकंदाला २४. म्हणजे एका सेकंदाला दीड फूट. तुमची तीस सेकंदांची रील तेव्हा ४५ फूट भरली असती, आमच्या घराच्या अंगणातून रस्त्यापर्यंत. रीळ तुटलं की खाली शिट्ट्या सुरू. काका फिल्मचं टोक ब्लेडने खरवडायचे, वरचा मसाला निघून खाली स्वच्छ पट्टी दिसली पाहिजे, मग सिमेंट लावून दुसरं टोक दाबून धरायचे. सिमेंट म्हणजे घरबांधणीचं नाही, उग्र वासाचं पातळ औषध. दरवेळी एक-दोन चित्रं बळी जायची. ते तुकडे काका खिशातून घरी आणत. आम्ही उन्हात धरून बघायचो, नटीचा अर्धा डोळा वगैरे. ते तुकडे हीच आमची क्लिप.

पुढे रिळं गेली. मग पोरं ‘टिकटॉक बनवून राहिलो’ म्हणू लागली. त्यावर २९ जून २०२०ला बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचं रील्स इथे आलं आणि रीळ घरी परत आलं. येताना ‘ळ’चा ‘ल’ होऊन आलं एवढंच.

शुद्धमती
मग ‘रीळ’च म्हणा की! दोऱ्याचे रीळ आपण म्हणतोच. ते रीळ, नपुंसकलिंगी. “माझी रील बघितलीस का” हे कानाला सहन होत नाही.

कोराडी लोडशेडिंग
ती रील, त्या रीला. दहा हजार लोकांनी पाहिली. पाहिलं नाही, पाहिली.

आंबिया बहार
आमचा पुतण्या ‘तो रील’ म्हणते. “काल टाकलेला रील चालला.”

पुणेरी पाहुणा
तिन्ही लिंगं झाली, आता विभक्ती घ्या.

महालचा वाडा
दोऱ्याच्या रिळाला आमच्याकडे नुसतं ‘गट्टू’ म्हणायचे. कुणी ऐकलंय का? की ते फक्त आमच्या दुकानात होतं?

बर्डीवरचा
नाही ऐकलं. पण पतंगाच्या मांज्याची ती चक्री.

सावजी वर्ज्य
सोमवार येऊन गेला, मंडळी. कालचं सांगते. मावशीसमोर पट्टी धरली आणि म्हटलं, “हे टोक आत घे.” घेतलं की झटकन. जोरात ओढलं, दोन्ही टोकं एकमेकांना भिडली आणि मारबत गायब. मावशी पांढरी पडली. म्हटलं, आता बाहेर सोड. सोडलं तशी मारबत परत आली, अंगठ्यासकट. मग तिने तोंडातल्या तोंडात “माया ठेवलीन मेल्यांनी” म्हणत अंगठ्यापर्यंत बरोब्बर आणून ठेवलं. हा शब्द मी तिला सांगितला नव्हता.

म्हणून ‘टोकं आत घ्या’ असं लिहून पाठवलं. मावलं. पण तपासणाऱ्यांनी एका ओळीचा शेरा मारून परत धाडलंय. अर्थाबद्दल काही नाही. ‘टोकं’ की ‘टोके’, एवढंच विचारलंय.

शुद्धमती
टोके. हे विचारावे लागते?

कोराडी लोडशेडिंग
टोकं.