मदत हवी आहे: ५६० अश्वशक्तीच्या गाडीला पाच गिअरचा बॉक्स घालू की सहाचा?

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समधले तिसऱ्या गिअरचे दात गेले. ट्रॅकवर दुसऱ्यातून तिसरा टाकला, पाय पूर्ण दाबला आणि डब्यात खिळे भरून हलवावेत तसा आवाज आला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी पुढे सरकेना. चौथा मात्र पडला. तो थेट जोडणीचा असल्यामुळे त्यात ताकद या दातांमधून जातच नाही. त्या एका गिअरवर गाडी हळूहळू बाहेर आणली. ऑईल सोडलं तर ते राखाडी पडलेलं, उन्हात धरलं की चमचमणारं. वरचं झाकण उघडल्यावर तळाशी करंगळीच्या नखाएवढे तीन तुकडे सापडले.

आता बॉक्स नवा घ्यायचा आहे आणि एकदाच घ्यायचा आहे. त्यासाठी ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांचा सल्ला हवाय.

गाडीची माहिती आधी देते. १९९० ची फोर्ड मस्टँग, ५.० लिटर व्ही-८. इंजिन आता मूळ राहिलेलं नाही. ३४७ घनइंचांचं केलंय, त्यावर एक टर्बो आहे. ब्लॉकही जाड भिंतींचा वेगळा बसवलाय, कारण मूळ ब्लॉक इतक्या ताकदीला मधोमध चिरतो. चाकांवर मोजलेली ताकद ५८०० आरपीएमला ५६० अश्वशक्ती आणि सर्वांत जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४२०० च्या आसपास ७३० न्यूटन-मीटर. डिफरन्शियल (मागच्या एक्सलवरचा शेवटचा गिअर) ३.५५ चा. टायर साधे रस्त्यावरचेच, त्रिज्या ३३ सेंमी. माझ्यासकट वजन १५०० किलोच्या घरात. क्लच एकाच प्लेटचा, सहा सिरॅमिक तुकड्यांचा.

तुटलेला बॉक्स टी-५, पाच गिअरचा. दोष त्याचा नाही, मी त्याच्या कुवतीबाहेर त्याला राबवलं. या वर्षाच्या मस्टँगमधल्या टी-५ ला ३०० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटर एवढीच मर्यादा सांगितलेली आहे. माझं इंजिन त्याच्या दुपटीला टेकलंय.

पण मला एक गोष्ट सुटत नव्हती. चाकांना सगळ्यात जास्त जोर पहिल्या गिअरमध्ये मिळतो, मग तुटला तिसरा का? कागद-पेन घेऊन बसले. पाय पूर्ण दाबला की गाडी मागे बसते आणि मागच्या चाकांवर साधारण ८०० किलो भार येतो. रबराची पकड त्या भाराइतकीच धरली, तर एक्सलवर २६०० न्यूटन-मीटरच्या पुढे टॉर्क चढूच शकत नाही, त्याआधीच टायर फिरायला लागतात. हाच आकडा उलटा बॉक्सच्या तोंडापर्यंत नेला. पहिल्यात गिअरचं प्रमाण ३.३५ गुणिले डिफरन्शियलचं ३.५५ यांनी भागला तर हाती जेमतेम २२० येतात. दुसऱ्यात ३७०. तिसऱ्यात मात्र ५५०. म्हणजे पहिल्या दोन गिअरमध्ये टायर फिरत होते आणि त्यामुळे बॉक्स वाचत होता. तिसऱ्यात मात्र टायर फिरण्याआधीच ४०७ च्या मर्यादेपलीकडचा भार दातांवर आला. क्लच झटकन सोडल्यावर फ्लायव्हीलमधून (इंजिनच्या टोकाची जड चकती) जो दणका बसतो तो यात धरलेलाच नाही. आकडे ढोबळ आहेत, पण तुकडे कुठल्या गिअरचे निघाले हे पाहिल्यावर मला ते पटले.

शाफ्टचं वाकणंही असतंच. तिरक्या दातांचे गिअर भार आला की एकमेकांना दूर ढकलतात, शाफ्ट केसभर वाकतात आणि मग दात पूर्ण उंचीने न भिडता टोकांवर भिडतात. दोन शाफ्टमधलं अंतर जास्त असलं की गिअर मोठे आणि रुंद बसवता येतात. टी-५ मध्ये हे अंतर ७७ मिमी आहे, त्यामुळे आत कितीही चांगल्या पोलादाचे गिअर घातले तरी मूळचा डबा लहानच राहतो. म्हणून तोच बॉक्स मजबूत गिअरचा संच घालून पुन्हा उभा करावा, हा विचार मी सोडला.

पर्याय निवडताना मीही आधी तीच चूक केली जी बरेच जण करतात: चाकांवरचा ७३० हा आकडा बॉक्सच्या मर्यादेशी ताडून पाहिला. बॉक्सला टॉर्क मिळतो तो फ्लायव्हीलकडून. वाटेतला तोटा १३ टक्के धरला तर फ्लायव्हीलवर ८४० न्यूटन-मीटर होतात. आता खालचं वाचताना हा ८४० लक्षात असू द्या.

पहिला पर्याय ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स. पाच गिअर, २०२० मध्ये आला, जुन्या गाड्यांच्या बोगद्यात (फरशीचा उंच भाग, ज्याखाली बॉक्स बसतो) मावावा म्हणून मुद्दाम आटोपशीर केलेला. मर्यादा ६०० पौंड-फूट, म्हणजे ८१३ न्यूटन-मीटर. वजन ४५ किलोच्या आसपास (टी-५ साधारण ३४). ८००० आरपीएमपर्यंत गिअर बदलता येतो असं कंपनी सांगते. मला आवडलेला संच २.८७, १.८९, १.२८, १.००, ०.६८.

दुसरा टी-५६ मॅग्नम. मूळ टी-५६ हा १९९२ च्या डॉज वायपरमध्ये आलेला सहा गिअरचा बॉक्स. मॅग्नमच्या आत त्यानंतरच्या टीआर-६०६० ची रचना आहे. मर्यादा ७०० पौंड-फूट, म्हणजे ९४९. ताकदीच्या बाबतीत इथे प्रश्नच मिटतो. पण वजन ६० किलोच्या वर जातं, आणि माझ्या गाडीत बसवायचा तर बोगद्याचा पत्रा ठोकावा लागणार. मूळ पत्र्याला मी आजवर हात लावलेला नाही आणि लावायला मन धजत नाही.

गिअरच्या प्रमाणांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मॅग्नमचे दोन संच मिळतात. २.९७ पासून सुरू होणाऱ्या संचात सहावा ०.५० आहे. त्यात ताशी १०० किमीला इंजिन फक्त १४३० आरपीएमवर येतं. माझा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तिथे नीट चालत नाही, गाडी गचके खाईल. म्हणून तो बाद. २.६६ वाल्यात सहावा ०.६३, तिथे १८०० येतात आणि इंजिन खूश राहतं. टीकेएक्सचा ०.६८ वाला पाचवा १९४० देतो, तोही चालेल. ६५०० ला दुसरा टाकला तर टीकेएक्समध्ये इंजिन ४२८० वर उतरतं, २.६६ च्या मॅग्नममध्ये ४३५० वर. माझा टर्बो ३६०० पासून पूर्ण भरतो, म्हणजे बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) दोन्हीकडे टिकतो. पहिला गिअर टीकेएक्समध्ये ताशी ७९ किमीपर्यंत जातो, मॅग्नममध्ये ८५ पर्यंत. जुन्या टी-५ मध्ये तो ६८ लाच संपायचा आणि मी पहिल्यात नुसते टायर घासत बसायचे. दोन्ही पर्याय त्याहून बरेच.

निसानचा सीडी-००९ ही डोळ्यांसमोर होता. बॉक्स दणकट आहे, पण त्याचा पहिला ३.७९ चा. माझ्या ३.५५ च्या डिफरन्शियलवर तो ताशी ६० ला संपतो. मग डिफरन्शियल बदला, बेलहाउसिंगची (इंजिन आणि बॉक्स यांना जोडणारं कवच) जोडणी बनवून घ्या... तो माग सोडून दिला.

सरळ दातांचा, सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) नसलेला रेसिंगचा बॉक्स नको, गाडी रस्त्यावरही चालते. आणि ऑटोमॅटिक सुचवू नका, ही कळकळीची विनंती. सरळ रेषेत तो पुढे जाईल हे मला मान्य आहे. पण दुसऱ्यातून तिसरा अचूक पडतो त्या क्षणी दांड्यातून हाताला जे कळतं, त्यासाठीच मी ही गाडी ठेवली आहे.

तर माझे प्रश्न असे. फ्लायव्हीलवर ८४० असताना ८१३ चा बॉक्स घेणं शहाणपणाचं आहे का? मर्यादेच्या इतक्या जवळ टीकेएक्स कुणी रोज चालवतंय का? मॅग्नम घेतला तर पत्रा नक्की किती आणि कुठे ठोकावा लागतो? आणि क्लचचं काय करू?

भर, दोन दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांनी एकच गोष्ट विचारली: बेलहाउसिंग इंजिनच्या मध्याशी जुळतंय का ते कधी मोजलंस का? नव्हतं मोजलं. याच बॉक्सचे सिंक्रो याआधी दोनदा बदलून झाले होते, कारण वरच्या आरपीएमला तिसरा पडताना अडायचा. ज्या गॅरेजमध्ये ते काम झालं तिथे दोन्ही वेळा "सिंक्रो गेलेत" एवढंच सांगितलं. मोजमाप कुणी केलंच नाही, आणि मलाही ते मागायचं सुचलं नाही.

काल मोजलं. डायल गेजचा चुंबक फ्लायव्हीलवर बसवला, सुईचं टोक बेलहाउसिंगच्या गोल भोकाच्या कडेला टेकवलं आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवलं. सुई सावकाश चढली, पलीकडच्या बाजूला जाऊन थांबली आणि तशीच परत उतरली. एकूण वाचन ०.४६ मिमी. याचा निम्मा भाग म्हणजे मध्य ०.२३ मिमी सरकलेला. सर्वसाधारणपणे ०.००५ इंचाची, म्हणजे ०.१३ मिमीची मर्यादा सांगितली जाते. चार वेळा मोजलं, चारही वेळा तेच.

म्हणजे इनपुट शाफ्ट दर फेऱ्याला वाकडा ओढला जात होता. गिअर अडणं, सिंक्रो घासणं, बेअरिंगचा आवाज, सगळ्याचं मूळ इथे असू शकतं. नवा बॉक्स असाच बसवला असता तर त्याचीही तीच गत झाली असती. सुचवल्याप्रमाणे ०.००७ इंच सरकवणाऱ्या विषम पिना (बेलहाउसिंगची जागा ठरवणाऱ्या) मागवल्या आहेत. त्या मोजल्या जागेच्या विरुद्ध दिशेला वळवून बसवल्या की सरक ०.०५ मिमीच्या आसपास यायला हवी.

भर, आठवड्यानंतर

टीकेएक्स घेतेय. निर्णय कसा झाला ते सांगते, कुणाला उपयोग होईल.

एका प्रतिसादात म्हटलं होतं की अश्वशक्ती आणि टॉर्क वेगळे करून बघ, बॉक्स तोडणारा टॉर्क आहे. ते वाचून पुन्हा ताकद मोजल्याच्या आलेखाकडे गेले. ५८०० ला ५६० अश्वशक्ती म्हणजे चाकांवर ६८८ न्यूटन-मीटर, फ्लायव्हीलवर ७९०. हे ८१३ च्या आत आहे! मर्यादा ओलांडतोय तो फक्त ४२०० चा उंचवटा. बूस्टचं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहेच, त्यामुळे ३८०० ते ५००० मधला बूस्ट थोडा उतरवून टॉर्क ७९० वर सपाट ठेवता येतो. वरची ताकद तशीच राहते, एक अश्वशक्तीही सोडावी लागत नाही, आणि पत्राही ठोकावा लागत नाही.

मऊ टायर घालणार असशील तर काय, असं एकाने विचारलं होतं. तेही मांडून पाहिलं. पकड दीडपट झाली तर टीकेएक्सच्या दुसऱ्यात बॉक्सच्या तोंडाशी सुमारे ५८० येतात आणि तिसऱ्यात इंजिनाचा सगळाच्या सगळा टॉर्क. म्हणून मऊ टायर घालायचे नाहीत. ज्यांना घालायचेच आहेत त्यांनी माझं ऐकू नये, सरळ मॅग्नम घ्यावा आणि पत्रा ठोकावा. पाचव्यात पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही हेही ठरवलंय, ओव्हरड्राइव्हचा (१ पेक्षा कमी प्रमाणाचा) गिअर त्यासाठी नसतो.

क्लचबद्दल सगळ्यांचं एकमत दिसलं. सिरॅमिक तुकड्यांची एकच प्लेट झटक्यात धरते आणि तो झटका दातांना बसतो. दोन प्लेटचा, साध्या अस्तराचा क्लच तेवढाच टॉर्क पेलतो आणि हळुवार धरतो. तसंही माझ्या प्लेटला १० स्प्लाइन (शाफ्टवर अडकणाऱ्या खाचा) आहेत आणि टीकेएक्सच्या इनपुट शाफ्टला २६, म्हणजे प्लेट बदलावीच लागणार होती. मागे २८ च्या जागी ३१ स्प्लाइनचा योक (प्रोपेलर शाफ्ट बॉक्सला जोडणारा तुकडा) लागेल. प्रोपेलर शाफ्टची लांबी बॉक्स गाडीत बसल्यावरच मोजेन, आधी नाही.

आता एकच अडचण उरली आहे. दोन प्लेटच्या क्लचची उंची वेगळी असते, त्यामुळे हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं) आणि प्रेशर प्लेटच्या बोटांमधली फट नव्याने जुळवावी लागेल. ही फट बॉक्स वर चढवण्याआधी मोजायची पद्धत मला नीट समजावून हवी आहे: बेलहाउसिंगच्या मागच्या पृष्ठभागापासून बोटांपर्यंत एक माप आणि बॉक्सच्या पुढच्या पृष्ठभागापासून बेअरिंगच्या तोंडापर्यंत दुसरं, असं मला कळलंय. पण बेअरिंग तेव्हा पूर्ण आत दाबलेलं ठेवायचं ना? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा. बॉक्स येईपर्यंत पिना बसवून होतील, डायल गेजचे नवे आकडे इथेच टाकते.