दार आपटलं की चालू होणारा स्पीकर: स्पीकर गेलाय की वायर?

खानापूर_रोड:
गाडीच्या पुढच्या डाव्या दारातला साडेसहा इंची स्पीकर मधेच बंद पडतो, दार आपटलं की परत वाजतो. आवाज वाढवला की खरखर. बाकी तिन्ही स्वच्छ. हेड युनिट (डॅशबोर्डवरची म्युझिक सिस्टिम) नंतर बसवलेलं, ॲम्प्लिफायर नाही. बेळगावात दुकानात जोडीच बदला म्हणतात.

टिळकवाडी_वायरिंग:
पैसे घालायची घाई नको. दाराशी संबंध आहे म्हणजे पहिला संशय दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरवर. रोज तिथंच ती दुमडते. आतले तांब्याचे केस एकेक तुटतात, वरचं प्लास्टिक मात्र साबूत दिसतं.

हेड युनिट बंद करून मागचा कनेक्टर काढा. बाजारातल्या युनिटला पुढच्या डाव्या स्पीकरची बहुतेक वेळा पांढरी आणि काळ्या पट्ट्याची पांढरी वायर असते. गाडीकडच्या बाजूला त्या जोडीवर मल्टिमीटर लावा, 200 ओहमवर. 4 ओहमचा स्पीकर साधारण 3.2 ते 3.8 दाखवतो. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा, नाहीतर फसाल. मग कुणालातरी दार हळूहळू उघडायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा.

निपाणी_साऊंड:
वरचं बरोबर आहे, पण खरखरीसाठी स्पीकर एकदा उघडून बघाच. दोन्ही अंगठे कोनवर (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) समोरासमोर ठेवून सरळ आत दाबा. घासल्यासारखं लागलं तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) गेली किंवा चुंबकाच्या फटीत गंज शिरला. खानापूर, चोर्ल्याकडच्या पावसात दारातून पाणी उतरतंच. पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाटका असला की थेट स्पीकरवर. नवा स्पीकर टाकूनही कागद तसाच ठेवलात तर पुढच्या पावसाळ्यात हेच.

एक कळकळीची विनंती: स्पीकरची मायनस वायर बॉडीला लावून तपासू नका. चालू युनिटच्या दोन्ही वायरींवर 6 व्होल्टच्या आसपास असतात. एक जरी बॉडीला टेकली तरी युनिट प्रोटेक्शनमध्ये जाऊन चारही गप्प होतात, कधी आतली आयसी (चिप) जळते.

खानापूर_रोड:
दार बंद असताना 3.6. अर्धं उघडलं की डावीकडे नुसता 1. पूर्ण उघडलं की परत 3.7. कोन दाबला, घासत नाही.

टिळकवाडी_वायरिंग:
नुसता 1 म्हणजे मीटरला जोडणीच मिळत नाही. मग स्पीकर ठणठणीत आहे, वायरच तुटलीय. खरखरही त्या अर्धवट टेकणाऱ्या केसांचीच. नळीतला तुकडा पूर्ण बदला, 0.75 चौरस मिमीची बहुतारी वायर घ्या. सांधे नळीच्या आत अजिबात नको: एक दाराच्या आत, एक डॅशबोर्डच्या खाली. सोल्डर केलेली जागा कडक होते, दुमडणीत आली की कडेलाच तुटते. वर हीट श्रिंक (गरम केलं की आवळणारं प्लास्टिकचं आवरण) चढवा, नुसती टेप उन्हाळ्यात सुटते. नळीची दोन्ही तोंडं खाचेत नीट बसवा.

निपाणी_साऊंड:
जोडताना प्लस-मायनस उलटं झालं तर आवाज येईल, पण बेस पोकळ वाटेल. दाराचं पॅनेल बंद करण्याआधी कनेक्टर काढलेला असतानाच 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल वायरींना क्षणभर टेकवा, पांढरीला प्लस. कोन बाहेर उचलला तर बरोबर, आत गेला तर वायरी अदलाबदल करा.