चाइल्डकेअर सबसिडी: सेंटरमधला प्रवेश वेगळा आणि मायगव्हवरची एनरोलमेंट वेगळी

वहिनी: छोटीला पुढच्या महिन्यापासून इथल्या चाइल्डकेअर सेंटरमध्ये, म्हणजे पाळणाघरात, घालायचे ठरले आहे. सेंटरचा प्रवेश अर्ज भरून दिला आणि यांनी मायगव्हवरून, म्हणजे ऑस्ट्रेलियन सरकारच्या ऑनलाइन सेवेवरून, फीवरच्या सरकारी सबसिडीचा अर्जही केला. आता सेंटरने आणखी एक करारपत्र सहीसाठी ईमेलने पाठवले आहे, आणि त्यानंतर मायगव्हवर ‘एनरोलमेंट कन्फर्म करा’ असा संदेश येईल, असे तिथल्या बाई म्हणाल्या. ताई, प्रवेश तर झालाच आहे, मग ही वेगळी नोंदणी कशाची?

ताई: वहिनी, सेंटरमधला प्रवेश आणि सबसिडीसाठीची एनरोलमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या घरांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. प्रवेश अर्ज हा तुमच्या आणि सेंटरच्या मधला कागद आहे. मुलाला कशाची ॲलर्जी आहे, घरी न्यायला कोण येणार, असा तपशील त्यात असतो. सबसिडीसाठी लागतो तो ईमेलने आलेला दुसरा कागद. त्याला कम्प्लायिंग रिटन अरेंजमेंट, थोडक्यात सीडब्ल्यूए म्हणतात. सेंटर कोणत्या दिवशी, किती ते किती वाजेपर्यंत, काय फी घेऊन मुलाला सांभाळणार आणि ती फी भरण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहिलेले असते. ज्या आठवड्यात हा करार होतो, तो आठवडा संपल्यापासून सात दिवसांच्या आत सेंटरने त्याची सूचना सरकारी यंत्रणेत नोंदवायची असते. तीच सूचना मायगव्हमधल्या तुमच्या सेंटरलिंक (सरकारी आर्थिक मदतीची सेवा) खात्यात दिसते, आणि ती कन्फर्म केल्याशिवाय सबसिडी सुरू होत नाही. सबसिडीचे पैसे सहसा तुमच्या हातात येत नाहीत. सरकार ते थेट सेंटरला देते आणि सेंटर ते फीमधून वजा करून उरलेली गॅप फी तुमच्याकडून घेते. तेव्हा सेंटरने कळवलेले दिवस, वेळ आणि फी पालकांना मान्य आहे का, हे विचारण्याची सरकारकडे हीच एक जागा असते. म्हणून हे बटण न वाचता दाबू नका, असे मला अगदी कळकळीने सांगायचे आहे.

दादा: ताई, मायगव्हवरचा अर्ज माझ्या नावाने आहे, पण करारपत्र सेंटरने हिच्या नावाने पाठवले आहे. आई-वडील दोघेही एकाच घरात राहतात म्हटल्यावर त्याने काही बिघडेल का?

ताई: बिघडेल. ज्याने सबसिडीचा अर्ज केला आहे, त्याच्याच नावाने सीडब्ल्यूए हवा. सेंटरला तुझा सीआरएन, म्हणजे नऊ अंक आणि शेवटी एक अक्षर असलेला सेंटरलिंकचा क्रमांक, आणि छोटीचा स्वतंत्र सीआरएन असे दोन्ही दे. त्याबरोबर दोघांची नावे आणि जन्मतारखा सेंटरलिंकच्या नोंदीत आहेत तशाच्या तशा लिहून दे. आपल्याकडच्या मुलांच्या पासपोर्टवर नावानंतर वडिलांचे नाव आणि मग आडनाव असते. सेंटरच्या अर्जात आपण मधले नाव गाळतो किंवा घरात हाक मारतो तेच नाव लिहून टाकतो, आणि मग दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत. अशी सूचना तुझ्यापर्यंत पोहोचतच नाही आणि तू संदेशाची वाट पाहत राहतोस. त्यामुळे सही करण्याआधीच सेंटरला करारपत्र बदलून द्यायला सांग.

वहिनी: कन्फर्म करताना नेमके काय तपासायचे?

ताई: नाव आणि सुरुवातीची तारीख तर पाहायचीच, पण सगळ्यात काळजीने पाहायचे ते दिवस आणि तास. तुम्ही सध्या नोकरी करत नाही, म्हणून हे अधिक महत्त्वाचे आहे. 5 जानेवारी 2026 पासून नियम बदलला आहे आणि पात्र कुटुंबाला, आई-वडील किती तास काम करतात हे न पाहता, प्रत्येक मुलामागे पंधरवड्याला किमान 72 तासांची सबसिडी मिळते. हे तास मूल तिथे प्रत्यक्ष किती वेळ होते यावर मोजत नाहीत, सेंटर ज्या सत्राची फी लावते त्या सत्राच्या लांबीवर मोजतात. सेंटरचे सत्र बारा तासांचे असेल, तर तुम्ही छोटीला दुपारी तीन वाजताच घरी आणले तरी बारा तास खर्ची पडतात, आणि 72 तासांत पंधरवड्याचे सहाच दिवस बसतात. त्याच सेंटरमध्ये नऊ तासांचे सत्र मिळत असेल, तर तेवढ्याच तासांत आठ दिवस बसतात. लहान सत्र आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वीच विचारा.

आणखी एक पाहा. करारात नेमून दिलेले दिवस, अधूनमधून लागणारे कॅज्युअल दिवस किंवा दोन्ही, असे लिहिलेले असते. तुमच्या आठवड्यात बदल होण्याची शक्यता असेल तर दोन्ही घालून घ्या, नाहीतर ऐनवेळी एक जादा दिवस हवा झाला तरी करारात बदल करावा लागतो.

मावशी: माझ्या पुतण्याकडे अजून तात्पुरता वर्क व्हिसा आहे. सेंटरने त्यांच्या मुलाचीही एनरोलमेंट केली आहे म्हणतात, मग त्यांना सबसिडी का मिळत नाही?

ताई: मावशी, एनरोलमेंट झाली म्हणजे सबसिडी मंजूर झाली, असे नाही. सरकारमान्य सेंटरला जवळजवळ प्रत्येक मुलाची नोंद करावी लागते, फक्त तिचा प्रकार बदलतो. ज्यांना सबसिडी लागू नाही किंवा नको आहे, त्यांची नोंद रेलेव्हंट अरेंजमेंट म्हणून होते आणि फी पूर्ण भरावी लागते. सबसिडीसाठी आई-वडिलांपैकी एकजण नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. न्यूझीलंडच्या नागरिकांचा विशेष व्हिसा आणि मोजके तात्पुरते व्हिसाही चालतात, पण नेहमीचा वर्क व्हिसा त्यात येत नाही. त्यांना पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाची परवानगी, मिळाली की आधी सबसिडीचा अर्ज करायचा आणि मग सेंटरबरोबर सीडब्ल्यूए करून एनरोलमेंट बदलून घ्यायची. अर्जाला उशीर झाला तर मागची सबसिडी 28 दिवसांपर्यंतचीच मिळते, म्हणून त्यांना आत्ताच सांगून ठेव.

दादा: आम्ही वर्षअखेरीस भारतात दोन महिने राहणार आहोत. तेव्हा एनरोलमेंट रद्द होईल का?

ताई: एनरोलमेंट रद्द होत नाही, कारण सलग 14 आठवडे मूल गैरहजर राहिले तरच ती आपोआप संपते. पण सबसिडीचे तसे नाही. मूल देशाबाहेर असताना ती सहा आठवड्यांपर्यंतच चालते, आणि त्या काळात सेंटरने फी लावलेले दिवस आर्थिक वर्षातल्या 42 मान्य गैरहजेऱ्यांतून कमी होतात. ते 42 दिवस संपल्यावर साध्या सर्दी-तापासाठी घरी ठेवले तरी त्या दिवसाची सबसिडी मिळवायला डॉक्टरांचा दाखला किंवा तसा पुरावा लागतो. तेव्हा सुट्टीत जागा राखून ठेवायची की सोडायची, हे सेंटरशी आधी बोल. जागा सोडणार असाल तर छोटी शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष हजर असेल असे पाहा, कारण शेवटच्या प्रत्यक्ष हजेरीनंतरच्या गैरहजेरीच्या दिवसांची पूर्ण फी तुमच्यावर येऊ शकते.

वहिनी: लसीकरणाचे भारतातले कार्ड सेंटरला दिले आहे, ते पुरेल ना?

ताई: सबसिडीसाठी पुरणार नाही. तिथल्या लसींची नोंद ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरमध्ये असावी लागते आणि ती पालकांना स्वतः करता येत नाही. आपल्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, कार्ड घेऊन जा, ते नोंदवून देतील. कार्ड मराठीत किंवा हिंदीत असेल तर भाषांतर बरोबर ठेवा.

वहिनी: ईमेलवरचे करारपत्र पुन्हा वाचले. सत्र अकरा तासांचे आहे, फक्त नेमून दिलेले दिवस लिहिले आहेत आणि नावही माझेच आहे. उद्या सकाळी सेंटरला फोन करून तिन्ही गोष्टी बदलून मागते.

ताई: योग्य. त्यांनी आधीच सूचना पाठवलेली असेल तर ती कन्फर्म करू नका. ‘माहिती बरोबर नाही’ असे निवडले की ती परत सेंटरकडे जाते, आणि त्यांनी दुरुस्त करून पाठवल्यावर दादाच्या खात्यातून कन्फर्म करा.