मदत हवी आहे : वास ओळखणाऱ्या रिसेप्टरांची चाचणी

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवते. एका विद्यार्थिनीने प्रकल्पाला विषय घेतलाय सुरंगीच्या फुलांचा आणि सुकटीचा वास! (सुकट भाजली की अख्ख्या वाडीला कळतं, तेव्हा विषय शोधायला लांब जावं लागलं नाही.)

माणसात वासाचे साधारण ४०० रिसेप्टर (म्हणजे नाकातल्या पेशींवरची, वासाचे रेणू ओळखणारी प्रथिनं). एकेकाचं जनुक एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घालतात, सोबत आरटीपी१ हे मदतनीस प्रथिन, कारण त्याच्याशिवाय बरेचसे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाहीत. मग या पेशी ठेवलेल्या प्लेटच्या छोट्या खळग्यांत एकेक रसायन टाकायचं. रिसेप्टरने ओळखलं की पेशीत ल्युसिफरेज (उजेड पाडणारं प्रथिन) तयार होतं, त्याचा उजेड मोजायचा. सुकटीतल्या ट्रायमिथिलअमाइनला (मासळीच्या वासाचं रसायन) ओळखणारा टीएएआर५ हा रिसेप्टर मात्र या ४०० च्या कुळातला नाही, तो वेगळा मागवावा लागणार.

अडलंय ते इथे. ही रसायनं उडून शेजारच्या खळग्यात जातात, मग खोटा उजेड ओळखायचा कसा? वरून चिकट झाकण लावून भागतं, की उग्र रसायनांना वेगळी प्लेटच द्यावी? आणि सुरंगीचा सबंध अर्क चालेल का? मला तरी घटक वेगळे केल्याशिवाय अर्थ लागेलसं वाटत नाही.

कुणी हे काम स्वतः केलं असेल तर कृपया सांगा. आमच्याकडे पेशीसंवर्धनाची सोय नाही. मुंबई-पुणे किंवा गोव्यात कुणी प्रयोगशाळा दाखवणार असेल तर मुलीला घेऊन येईन.