कंपन्यांच्या आधी इंटरनेट लोकांना फुकट देणारं कुणी होतं का? (वाचनालयासाठी विचारतेय)

सातपुडा_वाचक:

बठ्ठासले राम राम.

चोपडा तालुक्यातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्यात स्थायिक झालेलं आमच्याच गावचं एक कुटुंब चार संगणक द्यायला तयार आहे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेली आहे. अभ्यासिकेला लागून एक खोली रिकामी आहे, तिथे हे संगणक मांडायचे आणि सभासद असो नसो, कुणालाही बसू द्यायचं, असं माझ्या मनात आहे.

कार्यकारी मंडळात यावर दोन आक्षेप आले. एक, हातोहाती मोबाइल असताना संगणकावर बसणार कोण? दुसरा, वाचनालयाने पुस्तकं सांभाळावीत, इंटरनेट पुरवणं हे कंपन्यांचं काम.

पहिल्याचं उत्तर मला रोज देवघेवीच्या टेबलावर मिळतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मोबाइलवर अर्ज भरतात आणि 'फोटो ५० केबीच्या आत' इथे अडकतात. केळीच्या विम्याचा अर्ज भरायला आलेला माणूस सातबारा उघडतो तर अक्षरं वाचता येत नाहीत एवढी बारीक. मग तो ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर जातो, पैसे देतो, आणि आपल्या नावावर नेमकं काय भरलं गेलं हे न बघताच घरी येतो. हे मला सहन होत नाही.

दुसऱ्या आक्षेपासाठी मला इतिहास हवा आहे. इंटरनेट नवं होतं तेव्हा ते पहिल्यापासून कंपन्यांचंच होतं का? विद्यापीठांनी, नगरपालिकांनी, वाचनालयांनी ते लोकांसाठी चालवलं असं कुठे झालं का? झालं असेल तर टिकलं का नाही? आणि आपल्या खानदेशात तेव्हा काय होतं?

जुनं_एक्स्चेंज:

ताई, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. नव्वदच्या दशकात जळगाव भागातल्या एक्स्चेंजांवर काम केलं. तुमच्या मंडळाला बिनधास्त सांगा की कंपन्या नंतर आल्या. लोकांनी लोकांसाठी हे आधीच सुरू केलं होतं.

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात काही तरुणांनी रेकॉर्डच्या एका दुकानात टेलिप्रिंटर ठेवला. दूरच्या एका मोठ्या संगणकाला तो टेलिफोन लाइनने जोडलेला. 'कम्युनिटी मेमरी' त्याचं नाव. दुकानात येणारा कुणीही त्यावर मजकूर टाकू शके, दुसऱ्याचा शोधून वाचू शके. गाण्याबजावण्यातली माणसं तिथे जोडीदार शोधायची. चांगले बेगल, म्हणजे तिकडचे कड्यासारखे पाव, कुठे मिळतात असं एकाने विचारलं, तर ते बनवायलाच शिकवतो असं उत्तर आलं. हे इंटरनेट नव्हतं. पण दुकानात आलेला साधा माणूस संगणकावर बसून अनोळखी माणसाशी बोलतोय, हे तिथे घडलं.

तुमच्या कामाची गोष्ट मात्र अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराची. तिथल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात टॉम ग्रुंडनर नावाचे गृहस्थ होते. १९८४ मध्ये त्यांनी एक संगणक मोडेम, म्हणजे संगणकाचे संदेश टेलिफोन लाइनवरून नेणारं यंत्र, लावून टेलिफोनला जोडला. लोकांनी घरून फोन लावून दुखण्याखुपण्याचे प्रश्न लिहायचे आणि डॉक्टरांनी एका दिवसात उत्तर द्यायचं. त्याला इतका प्रतिसाद आला की १९८६ मध्ये त्यातून 'क्लीव्हलँड फ्री-नेट' उभं राहिलं. उघडलं की पडद्यावर शहराचाच नकाशा शब्दांत यायचा: पोस्ट, कोर्ट, शाळा, दवाखाना. एकेक विभाग स्वयंसेवक सांभाळायचे. ईमेलसकट सगळं फुकट. ग्रुंडनर यांचं म्हणणं सरळ होतं. एकोणिसाव्या शतकात जशी सार्वजनिक वाचनालयं उभी राहिली, तशी आता ही उभी राहिली पाहिजेत. ताई, हे वाक्य तुमच्या टिपणात पहिलं घ्या. वाचनालयाने इंटरनेटमध्ये पडू नये म्हणणाऱ्यांना सांगा, हे चालवणाऱ्याने नमुना म्हणून वाचनालयच डोळ्यांसमोर ठेवलं होतं.

पुढे अमेरिकेत, कॅनडात आणि इतर देशांतही फ्री-नेटं निघाली. १९८९ मध्ये त्यांची एक शिखर संस्थाही झाली.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाच्या नगरपालिकेने 'पेन' नावाचं स्वतःचं जाळं सुरू केलं. घरी संगणक नाही त्यांच्यासाठी वाचनालयांत आणि सार्वजनिक इमारतींत टर्मिनल, म्हणजे त्या जाळ्याला जोडलेले पडदा आणि कीबोर्ड, ठेवले. त्या टर्मिनलांवर रस्त्यावर राहणारी माणसंही येऊन बसू लागली. शहरात बेघरांचा प्रश्न तापलेला होता आणि घरात बसून लिहिणारे लोक त्यांच्याविषयी वाद घालत होते. आता बेघर माणूसच त्या वादात उतरला. त्याने लिहिलं की आम्हाला दान नको, काम हवंय, पण अंघोळ नाही, धुतलेले कपडे नाहीत, सामान ठेवायला जागा नाही, अशा माणसाला काम कोण देणार? त्यातून नागरिकांचा एक गट जमला आणि अंघोळीची सोय, कपडे धुवायची यंत्रं आणि कुलपाचे कप्पे अशी मागणी नगरपालिकेपुढे गेली. पुढे शहराने ती सोय केली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. टर्मिनल वाचनालयात नसता तर तो माणूस त्या चर्चेत आलाच नसता. याच 'पेन'वर काही मोजके भांडखोर इतके माजले की बरेच सभ्य लोक लिहायचे थांबले, हेही मंडळाला सांगा. जागा सार्वजनिक असली तरी तिला सांभाळणारा लागतोच.

आता खानदेशाचं. आपल्याकडे हे का झालं नाही, याचं माझ्या खात्यातलं उत्तर देतो. अमेरिकेत घरगुती टेलिफोनला स्थानिक कॉल बहुधा महिन्याच्या ठरलेल्या भाड्यातच असायचा. तासभर लाइन धरून बसलं तरी बिल वाढत नसे. फ्री-नेटमधलं 'फ्री' त्यावर उभं होतं. आपल्याकडे मीटर. लाइन चालू तोवर पल्स, म्हणजे बिलाचे ठोके, पडत राहणार. त्यात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुलं केलं ते मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा महानगरांतून. जवळ नोड, म्हणजे इंटरनेटला जोडून देणारं ठाणं, नाही, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या माणसाला जोडणीसाठीच एसटीडी, म्हणजे परगावचा महागडा कॉल, लावावा लागणार. रात्री दर उतरले की काही हौशी मंडळी बसायची. मी एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला असताना मोडेमची ती किरकिर लाइनवर ऐकली आहे. पावसात केबलीत पाणी शिरलं की जोडणी तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. फुकट जोडणी दिली असती तरी फोनच्या बिलाने माणूस मेला असता.

जाळं जिल्ह्यात आलेलंच नव्हतं असंही नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं 'निकनेट' उपग्रहाच्या तबकड्यांवरून जिल्ह्याजिल्ह्याच्या कलेक्टर कचेऱ्यांपर्यंत पोहोचलेलं होतं. १९८६ पासून उभं राहिलेलं 'अर्नेट' आयआयटी आणि संशोधन संस्थांना जोडत होतं. सरकारचं सरकारसाठी आणि विद्वानांचं विद्वानांसाठी जाळं होतं. कचेरीच्या आवारात तबकडी दिसायची आणि बाहेर शेतकरी उताऱ्यासाठी रांगेत उभा असायचा. तिथे लोकांसाठी एक टर्मिनल ठेवावा असं तेव्हा कुणाला सुचायला हवं होतं. ही हळहळ मला आजही आहे.

ती फ्री-नेटं टिकली का नाहीत, हे तुम्ही विचारलंत. नव्वदच्या मध्यावर तिकडे कंपन्यांची जोडणी स्वस्त झाली, चित्रांचं वेब आलं आणि फ्री-नेटं अक्षरांवरच राहिली. लाइनी सतत व्यग्र, स्वयंसेवक थकलेले, देणगी आटलेली. शिखर संस्थेचं १९९६ मध्ये दिवाळं निघालं, क्लीव्हलँड १९९९ मध्ये बंद झालं. पण कॅनडातल्या ओटावाचं नॅशनल कॅपिटल फ्रीनेट आजही आहे. ते सभासदांचं आहे, ना-नफा आहे, आणि माफक दरात घरगुती जोडणीही देतं. ज्यांचं सगळं एका विद्यापीठाच्या मेहेरबानीवर होतं ते बुडाले. ज्यांनी सभासद आणि उत्पन्न जपलं ते तरले. तुमच्या वाचनालयाला सभासद आहेत, घटना आहे, दरवर्षी हिशेब तपासला जातो. क्लीव्हलँडकडे यातलं काही नव्हतं.

अनेरकाठ:

काका, फार चांगली माहिती. पण मी थोडा विरोधात आहे. आपल्याच राज्यात १९९८ मध्ये वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. कोल्हापूर-सांगलीकडची ७० गावं, केंद्र सरकारचा पाठिंबा, गावोगाव संगणक. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिलं तर ते संगणक मुख्यतः साखर कारखान्याच्याच कामाला लागत होते: उसाचं वजन, तोडणी, खताची मागणी. मग तेच काम साध्या मोबाइलवर एसएमएसने करून दाखवलं आणि ते लोकांना सोयीचं वाटलं. सातपुड्यापलीकडे धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' निघालं. गावात सूचनालय, म्हणजे माहितीचं केंद्र, मंडईचे भाव, दाखले, तक्रारी. बक्षिसंही मिळाली. पण वीज आणि टेलिफोन लाइन यांनी त्याला रडकुंडीला आणलं. ताईंच्या चार संगणकांचंही असंच झालं तर?

धडगाव_मास्तर:

मी अक्राणी तालुक्यात शिक्षक आहे. एवढंच सांगतो. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यानंतर शिष्यवृत्ती, रेशन, दाखले सगळं ऑनलाइन झालं. आमची पोरं रेंजसाठी टेकडी चढतात. एका घरात एक मोबाइल, तो बाप मजुरीला गुजरातेत घेऊन गेलेला. 'हातोहाती मोबाइल' म्हणणाऱ्यांनी एकदा इकडे यावं, मी भाकरी खाऊ घालीन. ताई, तुम्ही खोली उघडा. पावरा पोरींसाठी वेळ राखून ठेवा, नाहीतर भरतीची पोरं दिवसभर खुर्ची सोडणार नाहीत.

जुनं_एक्स्चेंज:

मास्तर, पोरींच्या वेळेचं लाखमोलाचं बोललात.

अनेरकाठ भाऊ, वारणेचं तुमचं बरोबर आहे, पण त्यातून मी वेगळं घेतो. तिथे संगणकावर काय मिळणार हे आधीच ठरलेलं होतं. कारखान्याने सांगायचं, शेतकऱ्याने ऐकायचं. एवढ्यासाठी एसएमएस पुरतो, कबूल. सँटा मोनिकात माणूस लिहायला बसला होता. सहा इंचांच्या पडद्यावर कुणी तलाठ्याला नीट अर्ज लिहीत नाही, ग्रामसभेसाठी ठराव लिहीत नाही. मोठा पडदा, कीबोर्ड आणि शेजारी विचारायला माणूस, हे तिन्ही एकत्र हवं. विजेची अडचण खरी, आपल्याकडे भारनियमन कुणाला सांगायला नको. म्हणून चारपैकी दोनच संगणक इन्व्हर्टरवर घ्या, राउटर मात्र त्यावर हवाच.

ताई, व्यवहाराचं बोलतो. वाचनालयाला सरकारकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानाच्या भरवशावर हे चालवू नका, ते आलं तेव्हा आलं. छपाईचे पैसे घ्या, बसण्याचे घेऊ नका. जोडणी वाचनालयाच्या नावावर घ्या, कुणा पदाधिकाऱ्याच्या नाही. सायबर कॅफेंसाठी २०११ चे नियम आहेत: ओळखपत्र बघायचं, नोंद ठेवायची, ती वर्षभर जपायची. तुम्हीही तसंच करा, पोलीस विचारायला आले तर वही पुढे ठेवता येईल. माणूस उठला की त्याचं लॉगिन आणि आधारची उतरवलेली प्रत त्याच्यासमोर पुसायची. केंद्रावर नेमकं हेच होत नाही.

शिवाय डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पीएम-वाणी' ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. त्यात दुकानदारही परवाना न काढता, शुल्क न भरता सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. एसटीडी बूथचाच हा पुढचा अवतार. तेही बघा, पण आधी खोली.

आणि माणूस नेमा. तासाला थोडं मानधन देऊन गावातली शिकलेली एखादी मुलगी. संगणक तीनच ठेवावे लागले तरी चालतील, तिचे पैसे कापू नका. क्लीव्हलँडमध्ये संगणकाला लोक आले नव्हते, उत्तर देणाऱ्या डॉक्टरला आले होते.

सातपुडा_वाचक:

काका, मास्तर, अनेरकाठ दादा, मनापासून आभार. विषयपत्रिकेवर विषय घेतला आहे. टिपणात क्लीव्हलँड, सँटा मोनिका आणि वारणा तिन्ही लिहिले. वारणा मुद्दाम लिहिला, कारण तो प्रश्न मंडळात कुणीतरी काढणारच. बुधवार आणि शनिवारची दुपार मुलींसाठी असं ठरवतेय. मानधनासाठी वाढदिवसाच्या देणग्यांचं वेगळं खातं उघडायचं सुचवणार आहे.

एकच राहिलं. आमच्याकडचे जुने लोक मराठी टंकलेखन शिकलेले, तरुण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारे. कीबोर्डवर कोणती अक्षरं चिकटवू?

जुनं_एक्स्चेंज:

दोन संगणकांवर इनस्क्रिप्टचे, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कीबोर्ड-मांडणीचे, स्टिकर लावा, बाकीचे तसेच राहू द्या. युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच उमटणाऱ्या अक्षरांत, लिहायचं एवढं मात्र पक्कं करा, जुने फॉन्ट अजिबात नकोत. त्यातला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिखल होतो आणि सरकारी संकेतस्थळं तो घेत नाहीत. स्टिकर जळगावला संगणकाच्या दुकानांत मिळतील. नाही मिळाले तर इथे लिहा, मी पाठवतो.