श्रीहरिकोट्याला उड्डाण बघायला: मराठवाड्यातून जाऊन आलेल्यांचे अनुभव

गोदाकाठ, परभणी

नमस्कार मंडळी. या हिवाळ्यात बाबांना आणि लेकीला घेऊन श्रीहरिकोट्याला इस्रोच्या रॉकेटचं उड्डाण बघायला जायचं मनात आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. १९८० च्या जुलैत एसएलव्ही-३ या आपल्या रॉकेटनं रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, ती बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली होती. ती ते अजून कुणालाही सांगतात. आता गुडघे दुखतात, पण 'एकदा डोळ्यानं बघायचंय' हे पालुपद सुटत नाही.

आपल्या भागातून कुणी जाऊन आलं असेल तर इथं सविस्तर लिहा. पुण्या-मुंबईच्या लोकांचे अनुभव पुष्कळ वाचले, पण ते विमानानं चेन्नईला उतरतात. आपल्याला हैदराबादकडं गाडी बदलायची असते, शेतातली कामं बघून निघायचं असतं, आणि घरात कुणीतरी 'तिकडं जायलाव तर बालाजी करूनच या' म्हणणारच. गाडी, मुक्काम, नोंदणी, म्हाताऱ्या माणसांची सोय, सगळं लिहा. प्रत्यक्ष बघताना काय वाटलं ते तर हवंच. ज्यांना जाऊनही बघायला मिळालं नाही, त्यांनीही लिहा.

सीमेवरचा, धर्माबाद

ताई, आधी रस्ता सांगतो. अवकाश केंद्र आंध्रात आहे, पण जवळचं मोठं शहर चेन्नई. उतरायचं स्टेशन सुळ्ळुरपेटा, गूडूर ते चेन्नई या लाइनवर. तिथून केंद्र अठरा-वीस किलोमीटर. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद गाठा. पुढं चेन्नईकडं जाणारी गूडूरमार्गे गाडी बघा, चारमिनार तशीच जाते. सुळ्ळुरपेट्याला थांबणारी मिळाली तर उत्तम, नाहीतर गूडूरला किंवा थेट चेन्नईला उतरायचं. चेन्नईहून सुळ्ळुरपेट्यापर्यंत लोकल आहेत.

आमच्या धर्माबादेत निम्मा बाजार तेलुगूत चालतो, त्यामुळं मला भाषेची अडचण आली नाही. तुम्हालाही येऊ नये, हिंदीवर भागतं. उड्डाणाच्या आदल्या दिवशी सुळ्ळुरपेट्यातली लॉजं भरून जातात. गाव लहान आहे. मुक्काम तिरुपती, नेल्लोर किंवा चेन्नईला ठेवा आणि उड्डाणाच्या दिवशी तिथून निघा.

एक गोष्ट आपल्याकडचे लोक हमखास विसरतात. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. तिकडच्या किनाऱ्यावर खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, परतीच्या मोसमी वाऱ्यांचा. चक्रीवादळंही त्याच दिवसांत. सोयाबीन काढून मोकळे झालो, चला निघू, असं आपण म्हणतो तेव्हा तिकडं आभाळ भरलेलं असतं. ढग खाली असले की यान काही क्षणांत दिसेनासं होतं, मग नुसता आवाज ऐकायचा. जानेवारी-फेब्रुवारीत उड्डाण असेल तर तेच धरा. शंभरावं उड्डाण २९ जानेवारी २०२५ ला सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी झालं, सूर्य उगवायच्या जरा आधी. तसली वेळ मिळाली तर सोडू नका.

आणि तो रस्ता! सुळ्ळुरपेट्याहून श्रीहरिकोटा बेटावर जायची सडक पुलिकत सरोवरातून जाते. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, आणि हिवाळ्यात त्यात रोहित पक्ष्यांचे थवे. जायकवाडीवर येतात तेच. बाबांना खिडकीची जागा द्या.

मांजराकाठ, लातूर

'बघायला मिळालं नाही त्यांनीही लिहा' म्हणालात म्हणून लिहितो.

१५ जुलै २०१९. चांद्रयान-२ पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी उडणार होतं. प्रेक्षक गॅलरी त्याच वर्षी मार्चअखेर सुरू झालेली, त्यामुळं सामान्य माणसाला आत बसून बघायची सोय नवी होती. आम्ही मित्र लातूरहून गेलेलो. पेरण्या कशाबशा उरकल्या होत्या, पावसानं ओढ दिलेली. घरी बोलणी खाऊनच निघालो. रात्री गॅलरी माणसांनी फुललेली, लेकरं खांद्यावर, समोर मोठ्या पडद्यावर उलटी गिनती. राष्ट्रपतीही त्या रात्री श्रीहरिकोट्यात आले होते. आणि ५६ मिनिटं २४ सेकंद उरलेले असताना घड्याळ थांबलं. थोड्या वेळानं घोषणा झाली, तांत्रिक अडचण आहे, आज उड्डाण नाही.

एवढी गर्दी, पण आरडाओरड झाली नाही. शेजारी बसलेले एक तमिळ आजोबा मोडक्या हिंदीत म्हणाले, थांबवलं ते बरं केलं. परतीच्या गाडीत मी त्यावर बराच विचार केला. चांद्रयान वर नेणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जे मोठे बूस्टर असतात त्यांत घन इंधन असतं, एकेकात दोनशे टनांच्या आसपास. ते एकदा पेटलं की विझवता येत नाही. जमिनीवरून उठताना सगळा भार तेच दोघं उचलतात, मधलं द्रव इंधनाचं इंजिन वर गेल्यावर, पावणेदोन-दोन मिनिटांनी पेटतं. म्हणजे शंका असेल तर थांबायचं ते आधीच. सगळा देश बघत असताना 'थांबा' म्हणायला छाती लागते. त्या माणसांबद्दल माझा आदर त्या रात्री वाढला.

आठवड्यानं, २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी ते उडालं. मी गंजगोलाईत एका दुकानातल्या टीव्हीवर बघितलं. दुकानदारानं गिऱ्हाईकं थांबवून आवाज मोठा केला होता.

मग १४ जुलै २०२३, चांद्रयान-३. पुन्हा जुलै, पुन्हा पेरणी. या वेळी धाकटा भाऊ म्हणाला, 'तू जा, मी बघतो रानाचं.' दुपारी २ वाजून ३५ मिनिटं. ऊन असं की पायरीवर हात ठेववत नव्हता. शून्य झालं आणि क्षितिजावर उजेड फुटला. आवाज नाही! पहिले काही सेकंद ते शांतपणे वर चढत असतं. आवाजाला एका किलोमीटरला तीनेक सेकंद लागतात, आणि गॅलरी तळापासून काही किलोमीटर लांब. आवाज आला तो आधी पायाखालून जाणवला, मग छातीत, मग कानात. ६४० टनांची वस्तू आकाशात चढताना बघितली की माणूस गप्प होतो. मी रडलो, आजूबाजूचेही रडत होते. परत आलो तेव्हा भावानं पहिला प्रश्न विचारला, 'दिसलं का?' त्याला पुढच्या वेळी पाठवायचंय, रान मी बघणार.

हिंगोलीचा हणमंत

थोडक्यात. परतीचं तिकीट उड्डाणाच्या दिवशीचं काढायचं नाही. मधे मोकळे दिवस ठेवा आणि ते तिरुपती, श्रीकालहस्तीला घाला. डिसेंबर २०२४ ला प्रोबा-३ या युरोपच्या उपग्रहांचं उड्डाण ऐनवेळी एक दिवस पुढं गेलं. माझ्या हाताशी दिवस होता म्हणून मी बघू शकलो. बरोबरचे त्याच रात्रीच्या गाडीनं निघून गेले.

देवगिरीच्या पायथ्याशी, छत्रपती संभाजीनगर

नोंदणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. गॅलरीसाठी पैसे लागत नाहीत, पण ऑनलाइन नोंदणी लागते. ती उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडते आणि मोठी मोहीम असली की बघता बघता जागा संपतात. इस्रोच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच भरा, मूळ ओळखपत्र जवळ बाळगा. प्रत्येक उड्डाणाला गॅलरी खुली असेलच असं गृहीत धरू नका.

मला जागा मिळाली नव्हती. आम्ही पुलिकतच्या कडेला, जिथवर पोलीस जाऊ देतात तिथं थांबलो. गावातली माणसं, शाळेची पोरं, सगळे उभे. पडदा नाही, गिनती नाही, कुणाच्या तरी मोबाइलवर प्रक्षेपण, तेही काही सेकंद मागं. आधी आकाशात दिसलं, मग मोबाइलवर. पाण्यावरचे पक्षी आवाजानं एकदम उडाले. गॅलरीत नव्हते त्याचं मला दुःख नाही.

बालाघाटची बाई, बीड

मी माध्यमिक शाळेत शिकवते. भाचीला घेऊन २१ ऑक्टोबर २०२३ ला गेले होते, गगनयानच्या पहिल्या चाचणीयानाला. त्यात उपग्रह नव्हता. उड्डाणात काही बिघडलं तर अंतराळवीरांची कुपी यानापासून झटक्यात वेगळी करून पॅराशूटनं समुद्रात उतरवता येते का, हे तपासायचं होतं. मला ते चंद्राइतकंच मोठं वाटलं, कारण पुढं त्यात माणसं बसणार आहेत.

सकाळी आठची वेळ होती. हवामानामुळं पुढं ढकलली. मग गिनती पाच सेकंदांवर आली आणि थांबली. भाचीनं माझा हात घट्ट धरला होता. लातूरच्या दादांनी घन इंधनाचं सांगितलं ना, इथं उलट होतं. हे यान द्रव इंधनाचं. इंजिन हवं तसं पेटत नाही असं संगणकाला वाटलं आणि त्यानं स्वतःच सगळं थांबवलं. यान जागेवर सुरक्षित. कारण शोधून त्याच सकाळी दहा वाजता उडवलं. कुपी वेगळी झाली, पडद्यावर पॅराशूट उघडलेली दिसली तेव्हा गॅलरीत जो जल्लोष झाला तो उड्डाणापेक्षा मोठा होता. नौदलानं ती समुद्रातून काढून आणली.

शाळेत परत आल्यावर मी वर्गात हाच प्रसंग सांगते. मुलं 'पाच सेकंदांवर' या ठिकाणी श्वास रोखतात. आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं आहेत, दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्याच्या भागात जातात, वर्ष अर्धं बुडतं. त्यातल्या एकीनं विचारलं, 'बाई, ते थांबवायचं कोण ठरवतं? ते काम मला मिळंल का?' तेव्हापासून शाळेतून सहल न्यायच्या मागं लागले आहे. कुणी मुलांचा गट नेला असेल तर परवानगीचं कसं केलं ते इथं सांगा.

काळी माती, परभणी

कृषी विद्यापीठात शिकतो. ३० जुलै २०२५, संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं, निसार. नासा आणि इस्रोचा मिळून केलेला रडार उपग्रह, जीएसएलव्ही रॉकेटवरून गेला. मित्र म्हणाले, चंद्र नाही, सूर्य नाही, एवढ्या लांब कशाला जायलास? मी तेवढ्यासाठीच गेलो. हा दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा बघतो, ढग असले तरी, रात्र असली तरी. त्याच्या रडारावरून मातीतल्या ओलाव्याचा अंदाज येतो, भूजल उपसल्यानं जमीन किती खचली तेही मोजता येतं. बोअर सातशे-आठशे फुटांवर जाऊनही धूळच निघते अशा गावात मी वाढलो. माझ्या आज्यानं ओलावा हातात ढेकूळ दाबून ओळखला. उड्डाणाच्या वेळी मला तोच आठवत होता.

पावसाळी हवा असूनही दिसलं. वर जाताना धुराचा पट्टा सोनेरी झाला होता आणि यान गेल्यावरही बराच वेळ वाऱ्यावर वाकडा होत राहिला. लोक लगेच उठून बसकडं पळतात. पळू नका. तो पट्टा बघत बसा, तोवर गर्दीही कमी होते.

उदगीरची सून

आम्ही सासूबाईंना नेलं होतं. त्यांना बालाजी करायचा होता, ह्यांना रॉकेट. उदगीरहून बिदर, विकाराबादमार्गे सिकंदराबाद आणि पुढं तिरुपती. दर्शन आधी केलं ते फार बरं झालं, कारण नंतर मन तिकडंच राहतं. ३० डिसेंबर २०२४, रात्री बरोबर दहाला स्पेडेक्स. दोन छोटे उपग्रह एकाच यानातून, आणि ते वर जाऊन एकमेकांना जोडायचे. सासूबाईंना एवढं सांगितलं होतं.

रात्रीचं बघा, जमलं तर रात्रीचंच बघा. एवढा उजेड पडला की समोरच्या माणसांचे चेहरे दिसले. सासूबाई उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि मोठ्यानं म्हणाल्या, 'जाय बाळा, नीट जाय.' आसपास कुणालाच मराठी येत नव्हतं, तरी सगळ्यांनी वळून त्यांच्याकडं बघून हात जोडले. १६ जानेवारीला ते दोन्ही उपग्रह जोडले गेले, त्या दिवशी त्यांनी घरात गोड केलं.

खायचं बरोबर न्या. धपाटे, शेंगाची चटणी दोन-तीन दिवस टिकतात. तिकडं भात-सांबार मिळतो, पण उड्डाणाच्या दिवशी हॉटेलांत उभं राहायला जागा नसते.

गोदाकाठ, परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. उदगीरच्या ताईंचं ऐकून ते रात्रीचं म्हणतात, धर्माबादच्या दादांचं ऐकून पहाटेचं. एकच विचारायचं राहिलं. गॅलरीत पायऱ्या चढाव्या लागतात का? आणि स्टेशनवरून पुढं जायचं कसं?

बालाघाटची बाई, बीड

स्टेडियमसारख्या पायऱ्या आहेत. लवकर पोहोचलात तर खालच्या पायरीवर जागा मिळते, बाबांना तिथंच बसवा. टोपी, पाणी, आणि टेकायला पातळ उशी. उघड्यावर बराच वेळ बसावं लागतं. आणि शेवटच्या दहा सेकंदांत मोबाइल खाली ठेवा. पडद्यावरचं नंतर कुठंही बघायला मिळतं.

सीमेवरचा, धर्माबाद

स्टेशनबाहेर रिक्षा, बस मिळते, 'शार' (अवकाश केंद्राचं छोटं नाव) एवढं म्हणालात तरी कळतं. उड्डाणाच्या दिवशी सडकेवर तपासणी असते, गाड्यांची रांग लागते, म्हणून दिलेल्या वेळेच्या पुष्कळ आधी निघा. वेळ हाती असेल तर गावातच चेंगालम्मा देवीचं मंदिर आहे. इस्रोचे प्रमुखसुद्धा उड्डाणाआधी तिथं दर्शनाला येतात. बाबांना पायऱ्यांचा त्रास होणार असेल तर मला कळवा, तुमची तारीख नक्की झाली की मी आणि माझा मेहुणा त्याच उड्डाणाची नोंदणी करतो. दोघं मिळून त्यांना धरून नेऊ.